जमावाला कारण विचारता येत नाही

2024 च्या जून-जुलैत बीड, जालना आणि आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गावांवर रात्रीचे ड्रोन घिरट्या घालू लागले. चोरटे टेहळणी करताहेत अशी आवई उठली आणि गावोगावची पोरे काठ्या, बॅटऱ्या घेऊन रात्ररात्र जागली. घरादाराची, जनावरांची राखण करण्यात गैर काहीच नाही. पण आपले पाचोड हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव आहे. मोसंबी भरायला आलेला ट्रकचालक, आठवडी बाजारासाठी आदल्या रात्रीच मुक्कामी आलेला जनावरांचा व्यापारी, बिऱ्हाड घेऊन निघालेली ऊसतोड टोळी, माळावर पाल ठोकलेले भटके कुटुंब, अशी परकी माणसे इथे सतत येत-जात असतात. अफवेच्या रात्री यांतला एखादा घोळक्याच्या हाती लागला आणि घाबरून त्याची जीभ अडखळली, तर त्याच्या बाजूने बोलणार कोण?

ही भीती काल्पनिक नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला हेच झाले. रविवार होता, बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाइलवर आधीपासून पसरले होते. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तिथेच जिवानिशी मारले. ज्या खोलीत दाखले मिळतात आणि ठरावांवर सह्या होतात, त्या खोलीत. त्याच्या काही आठवडे आधी आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांदगावात, दरोडेखोर समजून दोघांचा जीव गेला होता. 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक गेले. आपण गाव वाचवतो आहोत, अशी हात उचलणाऱ्यांची खात्री होती. त्या खात्रीला पुरावा मात्र कोणी मागितला नाही.

याविषयी गावात बोलावे तर उत्तर ठरलेले असते: कोर्टात जाऊन काय होते? तारखेवर तारीख. पैसेवाला सुटतो आणि गरीब सडतो. हा राग खोटा नाही, आणि तो धुडकावून लावणाऱ्यांना पैठणच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाची दमछाक ठाऊक नाही. शिकल्या-सवरलेल्यांत हाच राग जरा सभ्य रूपात दिसतो. न्याय लोकांच्या हाती द्या, पूर्वीसारखी ज्युरी आणा, असे ते म्हणतात. म्हणून ज्युरीचा आपल्याकडचा अनुभवही पाहायला हवा.

1908 साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढच्या नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. 'केसरी'तले लेख मराठीत. बहुसंख्य ज्युरी मराठी न जाणणारी. तिने भाषांतरावरून निकाल दिला: सात विरुद्ध दोन, दोषी. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेण्यात आले. ज्युरीत कोण बसवले, यावरच निकाल ठरला होता. 1959 साली मुंबईतच नौदल अधिकारी कमांडर नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात याची दुसरी बाजू दिसली. करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीला नायक करून टाकले होते. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' म्हटले. सत्र न्यायाधीश मेहता यांना हा निकाल पुराव्याला धरून वाटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नानावटींमुळे ज्युरी गेली असे सर्रास सांगितले जाते; प्रत्यक्षात विधी आयोगाने 1958 मध्येच ती बंद करण्याची शिफारस केली होती, आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही.

सामान्य माणसाला न्याय करता येत नाही, असे यातून कोणी काढू नये. 1908 च्या त्या दोघांनी वेगळे मत दिले, ही लहान गोष्ट नव्हती. अडचण अशी, की सातांनी दोषी का म्हटले आणि आठांनी निर्दोष का म्हटले, हे त्यांना लिहून द्यावे लागले नाही. न्यायाधीशाला ते द्यावे लागते. कोणता साक्षीदार खरा मानला, कोणता खोटा आणि का, हे कागदावर उतरावे लागते. मग तो कागद वरच्या कोर्टात उलटून-पालटून तपासता येतो. याचे मोल काय, ते महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने दाखवून दिले आहे.

5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, मायलेकींवर अत्याचार झाले आणि त्यातली मुलगी गेली. आई वाचली. पुढे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे सहा जण पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेदेखील पुढे निष्पन्न झाले. तीन न्यायालये, तीन निकाल, आणि दोष मात्र तिन्ही ठिकाणी सिद्ध मानलेला.

मग पुनर्विचार याचिकेवर नव्याने सुनावणी झाली आणि जुना कागद पुन्हा वाचला गेला. वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळेच गुन्हेगार ओळखले होते! त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हे गरीब, भटक्या जमातीतले मजूर आहेत, त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. तोवर सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

न्यायालयेही जमावासारखी वाहवत जातात, असा याचा अर्थ कोणी काढील. वाहवत गेलीच होती. गुन्हा इतका भीषण होता की कोणीतरी फासावर जायलाच हवे, या भावनेने पुरावा झाकला. पण निकाल लिहिलेला होता, जबाब जपलेले होते, म्हणून ती चूक सापडली आणि सहा जीव वाचले. राईनपाड्याला पुनर्विचार याचिका कोण करणार होता? मेलेल्या माणसाचे अपील नसते.

आणखी एक गोष्ट या खटल्यावर बोलताना बहुतेक विसरतात. सहा निरपराध आत होते त्या सोळा वर्षांत, पाच खून करणारे बाहेर होते. चुकीचा माणूस पकडला की खऱ्या गुन्हेगाराला संरक्षण मिळते. ज्यांना गुन्हेगारीची चीड आहे, त्यांनीच अशा अटकांवर सर्वांत आधी संतापायला हवे.

इथे पोलिसांची एक जुनी खोड आड येते. कुठे घरफोडी झाली की गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या वस्तीवर, नाहीतर पालावर जाते. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. सवय रद्द झाली नाही. संशयितांना तोंडावर बुरखा घालून कॅमेऱ्यापुढे उभे केले जाते आणि दुसऱ्या दिवशी 'मुसक्या आवळल्या' असा मथळा छापून येतो. तीच माणसे काही वर्षांनी निर्दोष सुटली, तर ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपते. गावाच्या लेखी ती जन्मभर चोरच राहतात.

सर्वोच्च न्यायालयाने नाशिक खटल्यातल्या त्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. हिशोब केला तर तुरुंगातल्या एका दिवसाचे साधारण 85 रुपये होतात. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मधल्या 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत भरपाई मिळण्यासाठी स्वतंत्र कायदा सुचवला होता. तो झाला पाहिजे. भरपाई ही कोर्टाच्या मर्जीवरची मेहेरबानी राहता कामा नये. महाराष्ट्रापुरते एक काम तर त्याची वाटही न पाहता करता येईल. त्या निकालात न्यायालयाने गृह विभागाला जबाबदार अधिकारी शोधून, सेवेत असतील त्यांच्यावर तीन महिन्यांत कारवाई करायला सांगितले होते. कोणावर काय कारवाई झाली आणि त्या माउलीने फोटोंत ज्यांच्यावर बोट ठेवले त्या चौघांचा तपास आज कुठे आहे, याचे लेखी उत्तर गृह विभागाने विधिमंडळाच्या पटलावर ठेवावे.