पन्नास पैशांच्या आतलं वर्ष

उजाडायच्या आत मुकुटबनच्या रस्त्यानं निघालं की झरी जामणी तालुक्यातली पळणारी पोरं-पोरी भेटतात. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, असे मैदानाचे ५० गुण. त्यातून निभावलं की १०० गुणांचा लेखी पेपर. बरीचशी कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरची, काही कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची. घरात आजवर कुणी वर्दी घातलेली नाही, सरकारी पगार आलेला नाही. त्यांच्या ध्येयाविषयी माझ्या मनात आदराशिवाय काही नाही. माझं भांडण आहे ते त्यांना मोबाइलवरून आणि अभ्यासिकांच्या भिंतींवरून जे शिकवलं जातं त्याच्याशी.

शिकवण अशी: रोजचे तास मोजा. एक दिवसही खंड पडू देऊ नका, पडला तर आधीचं सगळं पाण्यात. थकवा हा बहाणा आहे. रात्री वहीत स्वतःला गुण द्या आणि आज कमी पडलात तर उद्या दुप्पट करा. हा पूर्वपक्ष मी हसण्यावारी नेत नाही, कारण विशीत मी तो अक्षरशः पाळला आहे. शहरातल्या एका अभ्यासिकेत बसून मी चौदा तासांची वही ठेवत होतो. अकरा तास भरले तर उरलेले तीन दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर चढायचे. दोन महिन्यांत त्या वहीत एवढी थकबाकी साचली की ती फेडायला दिवस पुरेना. दिवाळीला घरी आलो तो परत जायची ताकद संपलेला. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत, वाक्य मनात उतरत नसे.

वडिलांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वावरात घेऊन गेले. खालच्या काळ्या मातीतली पऱ्हाटी हिरवी होती, वरच्या बरड तुकड्यातली लालभडक. एक झाड हातानं वाकवून म्हणाले, "यंदा बोंडं लय धरली होती इनं. जमिनीत तेवढा दम नोयता."

हा लाल्या. कापूस पिकवणाऱ्या कुणालाही तो सांगावा लागत नाही, पण त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. कृषिशास्त्रज्ञ लाल्याला रोग म्हणत नाहीत, विकृती म्हणतात. त्यामागं अळी नसते, बुरशी नसते. बोंडं भरायच्या ऐन दिवसांत झाडाला नत्र आणि मॅग्नेशियम लागतं आणि नेमकं तेव्हाच ते मुळांना पुरेसं मिळत नाही. जमीन हलकी असते, पावसाचा ताण पडलेला असतो किंवा उलट पाणी साचलेलं असतं. त्यात रात्री थंड होऊ लागतात. बोंडांची ओढ तर थांबत नाही. ती पानांतलं अन्न खेचून घेतात. हिरवेपणा जातो, तांबडेपणा उरतो आणि पान गळतं. बीटी कपाशीवर लाल्या अधिक दिसतो त्याचं एक कारण हेच, की अळीपासून वाचलेली भरपूर बोंडं एकाच वेळी भरू लागतात. सगळ्यात चांगली दिसणारी, सगळ्यात लदलेली झाडं आधी लाल होतात.

आणि लाल पान पाहून कीटकनाशकाचा पंप पाठीवर घेणारे शेतकरी मी पाहिले आहेत. औषधाचे पैसे जातात, झाडावरचा भार तसाच राहतो. "थकवा हा बहाणा आहे, अजून जोर लावा" हे वाक्य त्या पंपासारखं आहे. जिथं अन्न कमी पडलंय तिथं विष मारायचं, आणि पीक सुधारलं नाही की पिकालाच नालायक म्हणायचं.

माणसाच्या बाबतीत या अवस्थेला 'बर्नआउट' हा शब्द रूढ केला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं, १९७४ साली. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो काम करत होता आणि सोबतचे स्वयंसेवक एकामागून एक विझत जाताना पाहत होता, स्वतःही त्यातून गेला होता. त्याचं निरीक्षण असं की ही गत कामचुकारांची होत नाही. जे मनापासून झोकून देतात त्यांची होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये याची व्याख्या केली ती नोकरी-कामाच्या संदर्भात, पण तिनं सांगितलेल्या तीन खुणा अभ्यासिकेतल्या कोणत्याही पोराला ओळखता येतील: अंगातलं त्राण जाणं, ज्या कामासाठी जीव टाकत होतो त्याचाच वीट येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागणं. संघटनेनंही त्याला रोगांच्या यादीत बसवलं नाही. कामातून येणारी अवस्था, एवढंच म्हटलं.

आता खंडाची गोष्ट. एक दिवस चुकला की साखळी तुटली, एकवीस दिवसांत सवय लागलीच पाहिजे, हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. एकवीस हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एवढे दिवस लागतात, असं त्याला दिसलं होतं. प्रत्यक्ष मोजणी पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी केली, ९६ माणसांवर. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसात फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासात हेही दिसलं की अधूनमधून एखादी वेळ चुकल्यानं सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे आईला ताप आला म्हणून एक दिवस पळायला न गेलेल्या पोरीला "तुझी साखळी तुटली" असं सांगणारा माणूस तिला खोटं सांगतोय. त्या खोट्याची किंमत ती पुढचे आठ दिवस मन मारून मोजते.

या शिकवणीला कंटाळलेले लोक दुसऱ्या टोकाला जातात. ते म्हणतात, ध्येयच नको. आहे त्यात समाधान माना, जे होईल ते होईल. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं आणि मला त्याचा पहिल्यापेक्षा जास्त राग येतो. समाधानाचा उपदेश बहुधा त्यानंच केलेला असतो ज्याच्या विहिरीला पाणी आहे. महाराष्ट्रात तीन आदिवासी जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यातल्या कोलामांची पोडं आमच्या तालुक्यात जागोजागी आहेत. त्या पोडावरच्या पहिल्या बारावी पास मुलीला "फार मोठं स्वप्न पाहू नको, त्रास होतो" असं सांगणं हे तिच्या वाटेत काटेरी कुंपण घालणं आहे. लाल्या येतो म्हणून कुणी पऱ्हाटी लावायचं सोडत नाही. पेरायचं तर आहेच.

मग मोजायचं कसं? मोजणं सोडा असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, मोजायची एक चांगली रीत आपल्या गावात दरसाल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालते. ती म्हणजे पैसेवारी, नेहमीचं पीक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे भरलं याचा हिशेब. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात.

विदर्भात खरिपाची पैसेवारी तीनदा निघते. ३० सप्टेंबरला नजरअंदाज, ३१ ऑक्टोबरला सुधारित, ३१ डिसेंबरला अंतिम. जून-जुलैत पेरलेल्या पिकाचा हिशेब रोज रात्री कुणी मागत नाही. पात्या-फुलं दिसेपर्यंत थांबायचं, मग नजरेनं अंदाज घ्यायचा. महिन्यानं तो दुरुस्त करायचा. आणि पीक हाती आल्यावर पक्का आकडा लिहायचा. पहिला अंदाज चुकीचा निघू शकतो हे त्या व्यवस्थेनंच गृहीत धरलंय. सुधारित हा शब्दच तिथं सरकारी कागदावर आहे. आपल्या वह्यांमध्ये तो का नसावा?

दुसरं असं की पैसेवारी गावाची निघते. या गावच्या पिकाची तुलना त्या पिकाच्या इथल्याच नेहमीच्या उत्पन्नाशी होते. ओलिताखालच्या दूरच्या एखाद्या तालुक्याशी आमच्या बरड वावराची तुलना करून कुणी आकडा काढत नाही. मी चौदा तासांचा आकडा आणला होता तो कुठल्याशा यशस्वी माणसाच्या मुलाखतीतून. त्याला घरी वेचणी नव्हती. माझं नेहमीचं उत्पन्न होतं सहा तास, चांगल्या दिवशी सात. त्या मापानं मोजलं असतं तर अकरा तासांचा दिवस थकबाकीत गेला नसता.

पण माझ्या दृष्टीनं पैसेवारीची खरी गोष्ट पुढं आहे. आकडा पन्नास पैशांच्या आत आला तर काय करायचं? शेतकऱ्याला दंड होत नाही. उलट वसुली हलकी करायची असते. दुष्काळी सवलतींची यादी पाहा: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीच्या कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवण्याचे निकष बदलले, हे खरं. तरी पैसेवारी मोजण्यामागचा विचार तोच आहे, की मोजायचं ते कर माफ करायचा की नाही हे ठरवण्यासाठी. आपण स्वतःशी नेमकं उलटं करतो. पीक बुडालं त्याच महिन्यात स्वतःवर दुप्पट सारा बसवतो.

ज्यांनी पैसेवारीचा फटका खाल्लाय ते इथं मला अडवतील. उभं पीक करपलेलं असताना कागदावर पन्नासच्या वर आकडा लावल्याची ओरड या जिल्ह्यात नवीन नाही. ती ओरड मी स्वतः केली आहे. पण तिच्यातही शिकण्यासारखं आहे. आकडा लिहिणाऱ्याच्या मनात वसुलीचा विचार शिरला की तो पीक पाहत नाही, तिजोरी पाहतो. म्हणून तर पैसेवारी काढणाऱ्या समितीत तलाठ्यासोबत गावातले शेतकरीही घेतलेले असतात. स्वतःचा आढावा एकट्यानं, रात्री अकराला, थकलेल्या डोक्यानं घेणारा माणूस हा तिजोरी सांभाळणाऱ्यासारखाच असतो. तो आकडा तरी फुगवतो, नाहीतर स्वतःला शून्य देतो. शेजारी दुसरं कुणीतरी बसलेलं असावं. ज्यानं तुम्हाला पावसात भिजताना पाहिलंय असं.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. भरतीची गुणवत्ता यादी कुणाची पैसेवारी विचारत नाही. तुझ्या घरी वेचणी होती, पाऊस नव्हता, याचे गुण मिळत नाहीत. १६०० मीटर सगळ्यांना सारखेच. हे मी पूर्ण मान्य करतो. त्या रेषेत सूट नाही आणि मी ती मागतही नाही. पण रेषेपर्यंत पोचायचं कसं, हे यादी ठरवत नाही. रोज जीव तोडून पळणाऱ्याच्या नडग्या महिन्या-दीड महिन्यात ठणकायला लागतात आणि भरतीच्या दिवशी तो मैदानाबाहेर बसलेला असतो. स्नायू बळकट होतो तो पळताना नाही, पळून झाल्यावरच्या विसाव्यात. सारा माफ केला म्हणून जमीन सरकारजमा होत नाही. सारा यासाठीच सोडतात की पुढच्या मिरगाला माणूस पेरायला उभा राहावा.

आणि मुदतीविषयी थोडं, कारण ते कुणी बोलत नाही. आपल्याकडे वेचे संपले तरी पऱ्हाटी न उपटता ओलित देऊन फरदड घेतात. दोन पैसे जास्त येतील ही आशा असते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, फरदड घेऊ नका, कारण गुलाबी बोंडअळी त्यातच जगते आणि पुढच्या हंगामात उतरते. २०१७ साली तिनं विदर्भाची काय दशा केली ते आपण पाहिलंय. पाचव्या, सहाव्या वर्षीही त्याच एका परीक्षेला पाणी देत बसलेली तिशीतली मुलं मी पाहतो तेव्हा मला फरदड आठवते. त्यांची मेहनत कमी नाही. ध्येय ठरवतानाच उपटायची तारीख कुणी ठरवू दिली नाही, एवढंच त्यांचं चुकलं. ती तारीख पेरणीच्या दिवशी, मन शांत असताना लिहून ठेवावी लागते. डिसेंबरात ती सुचत नाही.

रविवारी माझ्या ओसरीवर चार-पाच जण येतात. गेल्या ३० सप्टेंबरला त्यातल्या एका पोरीनं वही पुढं केली. जुलै-ऑगस्टमधला महिनाभर घरच्या निंदणात गेला होता, मधे पंधरा दिवस ताप. ८०० मीटरची वेळ जूनपेक्षा वाईट होती. मैत्रीण शेजारी बसली होती, दोघींनी मिळून आकडा काढला: बेचाळीस पैसे. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "आता सवलतीची यादी लिही."

तिनं बराच वेळ लावला. मग लिहिलं: वेचणी संपेपर्यंत पळणं आठवड्यातून चारच दिवस. गणित डिसेंबरपर्यंत बंद, मराठी व्याकरण रोज अर्धा तास. जुने राहिलेले पाठ खोडले. रविवारी दुपारी झोपायचं. खाली पुढची तारीख, ३१ ऑक्टोबर. आणि त्याच्याही खाली, वेगळ्या शाईनं, उपटायचं वर्ष.

वही पिशवीत घालून ती उठली. वावरात सीतादहीची पूजा व्हायची होती, पहिला वेचा त्याच आठवड्यात निघणार होता, आणि दही तिनंच न्यायचं होतं.