एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर बंद करणारं फुकट सॉफ्टवेअर: खरंच लागतं का?

आम्हा पनवेलकरांच्या दोन घाई ठरलेल्या. एक, सीएसएमटीची लोकल पकडायची. दुसरी, लाइट गेली की यूपीएसची बॅटरी संपायच्या आत कॉम्प्युटर बंद करायचा. मोबाइलवर सर्च केलं की यासाठी 'फास्ट शटडाउन'ची छोटी, फुकट सॉफ्टवेअर्स ढिगाने सापडतात. माझं मत सरळ आहे: ती घेऊ नका.

विषय आत्ताच का?

विंडोज 11 मध्ये 'अपडेट अँड शट डाउन' दाबलं तरी कॉम्प्युटर बंद न होता पुन्हा चालू व्हायचा. ही जुनी तक्रार मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2025 च्या अखेरच्या अपडेटमध्ये दुरुस्त केली. त्याच महिन्यात, 14 तारखेला, विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. घरातल्या जुन्या पीसीला आता सिक्युरिटी अपडेट मिळत नसेल, तर त्यावर अनोळखी सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे चोराला स्वतःहून दार उघडून देणं.

ही सॉफ्टवेअर्स करतात काय?

बंद होताना विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रामला 'आवरा' म्हणून सांगतं आणि काही सेकंद थांबतं. फाइल सेव्ह नसेल तर तुम्हाला विचारतं. यातली बरीच सॉफ्टवेअर्स हे थांबणंच उडवतात. म्हणजे वाचलेले सेकंद तुमच्या प्रोजेक्ट फाइलच्या वाट्याचे असतात!

मग करायचं काय?

- सगळं मिनिमाइज करून ऑल्ट आणि एफ4 दाबा. 'शट डाउन' निवडलेलं आहे ना ते बघा आणि एंटर.
- किंवा विंडोज बटण आणि एक्स एकत्र, मग यू दोनदा.
- एका क्लिकचं बटणच हवं असेल तर डेस्कटॉपवर शॉर्टकट बनवा. कमांड इंग्रजीत टाइप करायची: शटडाउन, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश टी, स्पेस, 0.

शेवटी 0 च टाका. इथे 30 किंवा 60 सेकंद लिहिले, तर वेळ संपल्यावर विंडोज न विचारता प्रोग्राम जबरदस्तीने बंद करतं. टायमर लावलाच आणि विचार बदलला, तर शटडाउन स्लॅश ए ने तो रद्द होतो.

अजून एक गोष्ट

विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो, म्हणून पीसी पटकन सुरू होतो. पण त्यामुळे पीसी अडकत असेल तर नुसतं शट डाउन करून उपयोग होत नाही. तेव्हा रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन क्लिक करा.

थोडक्यात, यूपीएस बीप करायला लागला की आधी कंट्रोल एस, मग ऑल्ट एफ4. डाउनलोड काहीच नाही.