लोणारच्या काठी मोजमापाची शाळा

एखाद्या वस्तूला हातही न लावता, केवळ प्रकाशाच्या साह्याने तिची लांबी, रुंदी आणि खोली मोजायची व त्या मापांवरून तिची हुबेहूब त्रिमितीय प्रतिकृती उभी करायची, हे आता एक स्वतंत्र शास्त्रच झाले आहे. १९८९ साली व्हिएन्ना येथे या विषयावर तज्ज्ञांची परिषद भरली आणि पुढे झुरिक व व्हिएन्ना येथे अशा परिषदांची मालिकाच सुरू झाली. आपल्याकडेही या विषयाच्या कार्यशाळा भरतात. त्यांत पडद्यावर गरगर फिरणारे रंगीत मंदिर पाहून विद्यार्थी थक्क होतात. थक्क होण्यात गैर काही नाही. पण ते चित्र किती खरे आहे, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहतो काय? आमच्या मते अशा कार्यशाळेची खरी जागा सभागृहात नसून बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या काठावर आहे आणि तेथे शिकवण्याची पहिली गोष्ट चित्र ही नव्हे, तर मापातील त्रुटी ही आहे.

हे मापन चालते तरी कसे? हात लांब करून पेन्सिल डोळ्यांसमोर धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. पेन्सिल मागील भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखी दिसते. वस्तू जवळ असेल तर ती जास्त सरकते, दूर असेल तर कमी. दोन डोळ्यांमधील अंतर आणि हे सरकणे ठाऊक असेल, तर वस्तूचे अंतर काढता येते. दोन डोळ्यांच्या जागी दोन छायाचित्रे घ्या, की झाले छायाचित्र-मापन. भारताच्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर (२००५) असेच दोन कॅमेरे होते. एक किंचित पुढे पाहणारा, दुसरा किंचित मागे. त्यांच्या चित्रांच्या जोड्यांवरून डोंगरदऱ्यांचे चढउतार काढता आले.

आता थोडे गणित करू. मंदिराचा एक खांब आपल्यापासून १० मीटरांवर आहे आणि आपण १ मीटर लांबीच्या पायारेषेच्या दोन टोकांवरून त्याच्याकडे पाहतो. दोन दृष्टिरेषांमधील कोन सुमारे पावणेसहा अंशांचा भरेल. कंपासपेटीतील कोनमापकाने त्यात अर्ध्या अंशाची त्रुटी झाली, तर उत्तरात जवळजवळ ९० सें.मी. चा फरक पडतो! तोच कोन एका कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, बरोबर मोजला तर त्रुटी सुमारे ३ सें.मी. वर येते. खांब २० मीटरांवर असेल तर तीच एका कलेची त्रुटी ३ ची ६ होत नाही, १२ सें.मी. होते. अंतर दुप्पट झाले की त्रुटी चौपट होते. मात्र पायारेषा २ मीटर केली, तर ती पुन्हा निम्म्यावर, म्हणजे ६ सें.मी. वर येते. एवढे गणित ज्याला कळले, त्याला या शास्त्राचे मर्म कळले. महागडे यंत्र नंतर आले तरी चालेल.

दुसरी रीत लेसरची. लेसरचा स्पंद वस्तूवर जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष कि.मी. असल्याने, अंतर १ सें.मी. पर्यंत अचूक हवे असेल तर वेळ एका सेकंदाच्या सुमारे दीड हजार कोटीव्या भागापर्यंत मोजावा लागतो. तिसरी रीत त्याहून सोपी दिसते. वस्तूवर प्रकाशाचे समांतर पट्टे टाकायचे. पृष्ठभाग जेथे उंचसखल असेल तेथे पट्टे वाकतात. खिडकीच्या गजांची सावली पायऱ्यांवर कशी मोडते ते पाहा, म्हणजे तत्त्व ध्यानात येईल.

त्रिकोणांच्या या विद्येशी विदर्भाचे नाते जुने आहे. १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा अत्यंत काटेकोरपणे मोजून विल्यम लॅम्बटनने सर्वेक्षणाला आरंभ केला. पुढची अंतरे त्याने मुख्यतः कोन मोजून काढली. त्याचा कोनमापक, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचा होता. याच कामावर असताना १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो मरण पावला. योगायोग असा, की त्याच वर्षी सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारच्या विवराची नोंद केली.

लोणारचे विवर उल्काघाताने काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, तयार झाले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ कि.मी. आणि खोली सुमारे १५० मीटर. म्हणजे खोली व्यासाच्या बाराव्या भागाएवढी. चंद्रावरील ताज्या, वाडग्यासारख्या लहान विवरांची खोली व्यासाच्या पाचव्या भागाच्या आसपास असते. मग लोणार इतके उथळ का? केवळ वरून मोजमाप करणाऱ्याला याचे उत्तर मिळणार नाही. तळाशी छिद्रे पाडली तेव्हा सुमारे १०० मीटर जाडीचा गाळ आढळला. तो हिशेबात धरला की खोली २५० मीटर होते, म्हणजे व्यासाचा सातवा भाग, आणि बराचसा उलगडा होतो. प्रकाश पृष्ठभाग दाखवतो, पोट दाखवत नाही. कोणतेही साधन वापरताना त्याची ही मर्यादा ओळखली पाहिजे.

विवराच्या वयाची गोष्ट तर अधिकच बोधप्रद आहे. आघाताच्या उष्णतेने बनलेली काच तापवली असता जो मंद प्रकाश बाहेर पडतो, त्यावरून १९९७ मध्ये वय निघाले ५२ हजार वर्षे, अधिक-उणे ६ हजार. २०११ मध्ये आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून निघाले ५ लाख ७० हजार वर्षे, अधिक-उणे ४७ हजार. फरक दहापटींहून अधिक! दोन्ही गटांनी आपापली त्रुटी प्रामाणिकपणे लिहिली होती. म्हणूनच आपल्याला आज सांगता येते, की हा फरक वाचनातील किरकोळ चढउतारांचा नाही. कोणत्या तरी पद्धतीच्या मुळाशीच काही तरी निसटले आहे. ताणून लांबलेल्या कापडी टेपने दहा वेळा मोजले तर दहाही वेळा तेच उत्तर येईल आणि दहाही वेळा ते चुकीचे असेल. वाचने एकमेकांशी जुळणे वेगळे आणि सत्याशी जुळणे वेगळे.

आता आपल्या शाळांकडे पाहू. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ च येईपर्यंत आकडे वळवून घेण्याची प्रथा कोणत्या प्रयोगशाळेला अपरिचित आहे? ९.४ आले आणि ते का आले याचा शोध घेतला, तर तो विज्ञानाचा विद्यार्थी. ९.८ लिहून मोकळा झाला, तो केवळ परीक्षार्थी. दोष मुलांचा नाही. आपण गुण उत्तराला देतो, त्रुटीच्या रकान्याला देत नाही. लोणारच्या काठावर मात्र उत्तर पुस्तकात छापलेले नसते. तेथे जे मोजाल तेच उत्तर, आणि किती विश्वासाने सांगता तीच त्याची किंमत.

यात केवळ शिक्षणाचाच प्रश्न नाही. १९७० च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाचे प्राध्यापक कोस्टका यांनी अफगाणिस्तानातील बामियान येथील सुमारे ५३ मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीची मोजणीयोग्य छायाचित्रे घेतली. मार्च २००१ मध्ये ती मूर्ती सुरुंगांनी उडवली गेली. त्यानंतर झुरिकच्या शास्त्रज्ञांनी त्यांतील तीन जुन्या छायाचित्रांवरून तिची त्रिमितीय प्रतिकृती तयार केली. पर्यटकांनी काढलेली चित्रे हजारो असतील. पण प्रतिकृतीत अचूकता आली ती मोजूनमापून घेतलेल्या त्या तीन चित्रांमुळे. लोणारचे तारकाकृती आराखड्याचे दैत्यसूदन मंदिर, विवरातील झाडीत झिजत असलेली देवळे, सिंदखेडराजाचा राजवाडा यांवर कोणी सुरुंग लावणार नाही. पण ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे आपले काम सावकाश करीतच असतात. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि लवणप्रिय सूक्ष्मजीव माजले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून दिसले. पाणी ‘फार’ आटले असे आपण म्हणतो. फार म्हणजे किती? काठावरील एकाच ठिकाणाहून दर वर्षी घेतलेली चित्रे असतील, तर ‘फार’ या शब्दाच्या जागी आकडा लिहिता येईल.

कोणी म्हणेल, हे काम उपग्रह आणि पुरातत्त्व खाते करतेच की! परंतु कार्टोसॅट-१ च्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील अडीच मीटर. खांबाची भेग त्यात दिसणार नाही. आणि खात्याची माणसे रोज येथे राहत नाहीत, तुम्ही राहता. दुसरा आक्षेप यंत्रांचा. घरातील मोबाइलचा कॅमेरा, एक मीटरची पट्टी आणि पोलादी टेप एवढ्यावर आरंभ होतो.

तेव्हा आमची सूचना अशी. जिल्ह्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या गावची एक जुनी वास्तू निवडावी. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, आणि एकदा पावसाळ्यानंतर, ठरलेल्या दोन जागांवरून तिची छायाचित्रे घ्यावीत. मीटरची पट्टी चित्रात दिसलीच पाहिजे. वहीत तारीख, वेळ, पायारेषेची लांबी, मोजणाऱ्यांची नावे आणि त्रुटीचा अंदाज लिहावा. लोणार हे अभयारण्य आहे आणि तेथील मंदिरे संरक्षित आहेत. म्हणून परवानगी घ्यावी आणि कोरीव कामाला खडू, चिकटपट्टी काहीही लावू नये. हात न लावता मोजता येणे हाच तर या विद्येचा गुण आहे. महाविद्यालयांनी आपली कार्यशाळा वर्षातून एकदा येथे भरवावी आणि तज्ज्ञांनी या वह्या तपासाव्यात.

शिक्षकांना विनंती एवढीच, की वही तपासताना पहिले गुण त्रुटीच्या रकान्याला द्यावेत. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वहीतील ‘३ मीटर २० सें.मी., अधिक-उणे ४’ ही साधी ओळ कमी लेखू नका. पन्नास वर्षांनी तो खांब पडला, तर तो पुन्हा जागेवर उभा करणारा माणूस प्रथम तुमची ती वही मागेल.