पिठातले खमीर

रोजच्या साध्या अनुभवातून श्रद्धेचा बोध काढणारे लेखन ख्रिस्ती मराठी साहित्यात पुष्कळ आहे. त्यातील बरेचसे आम्हांस निस्तेज वाटते. बोध आधीच ठरलेला असतो. अनुभव केवळ दाखल्यापुरता जोडलेला असतो. पण खुद्द येशूचे दाखले वाचावेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) एक स्त्री तीन मापे पिठात खमीर घालते आणि सारे पीठ फुगते. दाखला एका वाक्यात संपतो; त्याचे स्पष्टीकरण येत नाही. वाचकाने पिठाजवळच थांबून विचार करायचा असतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच कुळातली. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळातील त्यांचे परिवर्तन धर्मचर्चेपेक्षा सोवळ्यात, स्वयंपाकात, कोणाच्या हातचे पाणी प्यावे या प्रश्नात अधिक दिसते. तेथे बोध वेगळा काढावा लागत नाही.

वर्गात मात्र आम्ही वर्षानुवर्षे या पुस्तकातला विनोद शिकवला आणि श्रद्धा चरित्राचा तपशील म्हणून ओलांडली. वाद टाळण्यासाठी ते सोयीचे होते. आता वाटते, आमची चूक त्या बोधवादी लेखकांच्या चुकीची जुळी बहीणच होती. त्यांनी अनुभव गमावून बोध ठेवला. आम्ही बोध गमावून किस्सा ठेवला. पिठात मुरलेले खमीर वेगळे काढता येत नाही, एवढे तरी आम्ही विद्यार्थ्यांना सांगायला हवे होते.