बावन्न दिवसांनी निकाल



मे महिन्यात आम्ही मालवण तालुक्यात हिंडत होतो. एका आंबा बागायतदाराने सुपर फॉस्फेटचे पोते पुढे ओढले आणि विचारले, "ह्या पोत्यात खत आसा काय माती, तां सांगा." आमच्यातल्या काहींनी शेतकीची पदवी घेतली आहे, तरी सांगता आले नाही. डीएपीचे दाणे तंबाखूसारखे चुन्यात मळले की उग्र वास येतो, युरिया तापल्या तव्यावर वितळून जातो, एवढे घरी कळते. पण ५० किलो सुपरमध्ये १६ टक्क्यांप्रमाणे ८ किलो स्फुरद आहे की ४, हे प्रयोगशाळाच सांगणार. आणि शेतकऱ्याला सांगायला ती बांधील नाही.

तुम्ही म्हणाल, कोकणातल्या आंब्याचे आम्हाला काय? पण मालवणला आणि यवतमाळला कायदा एकच, १९८५ चा खत नियंत्रण आदेश. निरीक्षकाने दुकानातून नमुना काढून ७ दिवसांत पाठवायचा, प्रयोगशाळेने ३० दिवसांत तपासायचा, पुढे १५ दिवसांत निकाल कळवायचा. कुणाला? ज्याच्याकडून नमुना घेतला त्या दुकानदाराला, कारखानदाराला. ज्याने पोते विकत घेऊन मातीत घातले त्याचा तिथे उल्लेखही नाही. ७ जूनला काढलेल्या नमुन्याचा निकाल, कायदा तंतोतंत पाळला तरी, २९ जुलैला. तोवर मालवणात भाताची लावणी उरकलेली, आपल्याकडे ज्वारी गुडघ्याला लागलेली, कपाशी पाती धरू लागलेली. बागायतदार निदान पुढे आणखी खत देऊ शकतो. कोरडवाहूवाल्याचे स्फुरद तिफणीतून बियाण्याबरोबर गेले ते गेले.

याच आदेशात एक गंमत आहे. अप्रमाणित खत विकायचे तर पोत्यावर तांबड्या अक्षरांत तसे लिहून फुली मारायची. अशी फुली मारलेले पोते आपल्यापैकी कुणी पाहिले आहे?

२०२३ साली राज्य सरकारने भरपाईची तरतूद असलेली विधेयके आणली. नोव्हेंबरात विक्रेत्यांनी तीन दिवस दुकाने बंद ठेवली. विधेयके संयुक्त समितीकडे गेली. दुकानदाराशी आमचे भांडण नाही. शिवलेल्या पोत्यात काय आहे ते त्यालाही आपल्याइतकेच ठाऊक असते. आणखी निरीक्षकही आम्हाला नकोत. दहा निरीक्षक वाढले की दहा हप्ते वाढतील. आम्हाला हवे ते एवढेच: नमुन्याचा निकाल बॅच नंबरासकट त्याच दिवशी दुकानाच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीत लागावा, शेतकऱ्याने पंचांसमोर स्वतःच्या पोत्यातून काढलेला नमुना कायद्याने धरावा, आणि खत कमी भरले तर कारखान्याने खताचे पैसे तर द्यावेतच, गेलेल्या पिकाचेही द्यावेत. कापसाच्या बियाण्याला २००९ च्या राज्य कायद्यात भरपाई आहे, मग खताला का नाही?

तोवर पक्की पावती घ्या, तिच्यावर बॅच नंबर लिहून घ्या. रिकामी पोती विकू नका. चौघांनी एकाच बॅचचे खत घेतले असेल तर एक पोते न उघडता ठेवा, त्याचे पैसे चौघांनी वाटून घ्या. ग्राहक आयोगात तेच पोते साक्ष देईल. जिल्हा मेळाव्याला येताना या हंगामाच्या पावत्या बरोबर आणा.