विरंगुळा जहाज मोडण्याचा

नागपूर : समुद्र नागपूरपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. गोदी, भरती, ओहोटी हे शब्द येथील रहिवाशांच्या रोजच्या बोलण्यात क्वचितच येतात. तरीही बऱ्यापैकी क्षमतेचा संगणक घरी असलेल्या येथील कोणत्याही तरुणाला आज जहाज मोडण्याचे 'काम' घरबसल्या करता येते. बाहेर नवतपा सुरू असावा, खिडकीत कूलर घरघरत असावा आणि पडद्यावर एक अजस्र जहाज तुकड्यातुकड्याने नाहीसे होत असावे, अशी ही करमणूक आहे. दिवसभराच्या नोकरीनंतर तासभर हे काम करणारे खेळाडू जगभर आहेत. मन शांत करणारा खेळ, अशी त्याची ख्याती आहे. मात्र त्याच खेळाडूंकडे तक्रारींचीही कमतरता नाही. त्यांची पसंती आणि तक्रार शेजारीशेजारी ठेवून पाहिल्यास खेळाविषयी जेवढे कळते, तेवढेच त्या खऱ्या धंद्याविषयीही कळते.

या प्रकारात दोन नावे प्रामुख्याने घेतली जातात. पहिले 'हार्डस्पेस : शिपब्रेकर'. कॅनडातील ब्लॅकबर्ड इंटरॅक्टिव्ह या संस्थेने तयार केलेला हा खेळ जून २०२० मध्ये अपूर्णावस्थेत आणि मे २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात विक्रीस आला. त्यातील जहाजे अंतराळातील आहेत. दुसरे नाव 'शिप ग्रेव्हयार्ड सिम्युलेटर'. पोलंडमधील प्लेवे या कंपनीने तो २०२१ मध्ये बाजारात आणला आणि २०२३ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. येथे मात्र खरा समुद्रकिनारा आहे. किनाऱ्याला लागलेली गंजकी जहाजे, हातोडा, कटर आणि विक्रीसाठी गोळा करायचे भंगार असा सगळा थाट आहे.

श्रमातून विसावा

काम हीच करमणूक मानणाऱ्या खेळांची गेल्या काही वर्षांत लाटच आली आहे. मोटार दुरुस्त करणे, जुनी घरे साफसूफ करून विकणे, पाण्याच्या फवाऱ्याने भिंती धुणे, या साऱ्यांचे खेळ निघाले आणि चालले. त्यांत शत्रू नसतो, हरण्याची धास्ती फारशी नसते. कष्टाचे फळ लगेच डोळ्यांसमोर दिसते. कार्यालयात महिनोन्‌महिने राबूनही आपण नेमके काय पुरे केले हे ज्याला सांगता येत नाही, त्याला तासाभरात रिकामी झालेली एक खोली मोठे समाधान देते.

जहाजतोडणीत हे समाधान आणखी गडद होते, कारण येथे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आहे. 'हार्डस्पेस'मध्ये कापलेला तुकडा भट्टीत जायचा, प्रक्रियायंत्रात जायचा की खालच्या तराफ्यावर ठेवायचा, हे ओळखावे लागते. चूक झाली की पैसे कापले जातात. आधी आतील हवेचा दाब काढायचा, इंधनाच्या नळ्या बंद करायच्या आणि अणुभट्टी जपून बाहेर काढायची. हा क्रम चुकला तर स्फोट होतो. क्रम अंगवळणी पडला की हात आपोआप चालू लागतात आणि खेळाडू ज्याला निवांतपणा म्हणतात तो तेथे सापडतो.

'शिप ग्रेव्हयार्ड'चे सुख याहून साधे आहे. ठोकायचे, कापायचे, उचलायचे, विकायचे. आलेल्या पैशातून अधिक चांगली अवजारे घ्यायची आणि अधिक मोठ्या जहाजाला हात घालायचा. डोक्याला फारसा ताप नसल्याने गाणी ऐकत खेळण्याजोगा खेळ म्हणून तो अनेकांना आवडतो.

दोन तक्रारी

खेळाडूंच्या नाराजीची कारणे दोन्ही खेळांबाबत वेगळी आहेत. 'शिप ग्रेव्हयार्ड'विषयी पहिली तक्रार तोचतोचपणाची. पाचव्या जहाजावर पहिल्या जहाजासारखेच घाव घालायचे, म्हणून काही तासांनंतर मन उडते. नियंत्रणे अवघडलेली, वस्तू भलत्याच ठिकाणी अडकणारी, तांत्रिक दोष बरेच, असेही आक्षेप आहेत. गोदी ओकीबोकी वाटते, ही खंतही अनेकांना जाणवते. खऱ्या किनाऱ्यावर जेथे माणसांची झुंबड असते, तेथे या खेळात खेळाडू बहुतांशी एकटाच राबत असतो.

'हार्डस्पेस'विषयीची तक्रार जवळजवळ उलट आहे. या खेळात कथा आहे. लिंक्स नावाची एक बलाढ्य कंपनी कामगाराला नोकरीवर घेतानाच त्याच्या डोक्यावर शंभर कोटी डॉलरहून अधिक कर्ज चढवते. अवजारांचे भाडे रोज त्यातच मिळवले जाते. अपघातात कामगार मेला तर कंपनी त्याची नवी प्रतिकृती तयार करते आणि तो खर्चही त्याच्याच खात्यावर मांडते. पुढे कामगार संघटना उभारू लागतात आणि कंपनी ती मोडू पाहते. खेळाडूंपैकी अनेकांना ही कथा भिडली. मात्र शांतपणे पत्रे कापत बसावे म्हणून आलेल्या दुसऱ्या गटाला सहकाऱ्यांचे मध्येच येणारे, टाळता न येणारे संवाद खुपले. पंधरा मिनिटांच्या पाळीचे घड्याळही त्यांना जाचक वाटले. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी वेळेचे बंधन नसलेला पर्याय खेळात उपलब्ध आहे.

एका खेळात माणसे नाहीत म्हणून तो कंटाळवाणा वाटतो, तर दुसऱ्यात माणसे बोलतात म्हणून विसाव्यात व्यत्यय येतो. या दोन तक्रारींतील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जहाज मोडण्याचा आनंद आणि जहाज मोडणाऱ्याचे जिणे एकाच पडद्यावर कसे मांडायचे, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही, एवढाच तिचा अर्थ.

किनाऱ्यावरचे वास्तव

ही जहाजे प्रत्यक्षात कोठे मोडली जातात, हे पाहण्यासाठी भारतीय वाचकाला दूर जावे लागत नाही. गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातल्या अलंग येथे १९८३ पासून हा धंदा चालतो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे दहा मीटरचे अंतर पडते. मोठ्या भरतीच्या वेळी जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायचे आणि पाणी ओसरले की ते कापायला घ्यायचे, ही तेथील पद्धत. जहाजाच्या वजनातील सर्वाधिक वाटा पोलादाचा असतो. ते रि-रोलिंग मिलमध्ये जाते आणि सळ्यांच्या रूपाने बांधकामावर पोहोचते. पलंग, भांडी, बेसिन, खुर्च्या यांची दुकाने अलंगच्या रस्त्यालगत मैलोन्‌मैल पसरलेली आहेत. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, हा खेळातील नियम येथेही लागू आहे.

फरक कापणाऱ्याच्या बाबतीत पडतो. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड आणि ओडिशातून आलेले हे मजूर बहुतांशी कंत्राटदाराच्या हाताखाली काम करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २००६ मध्ये दिलेल्या अहवालात अलंगमधील अपघाती मृत्यूंचे प्रमाण दर हजार कामगारांमागे वर्षाला दोन असे नोंदवले होते. खाणकामात हेच प्रमाण हजारी ०.३४ होते. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय असलेल्या नागपुरात आणि कोळशाच्या खाणींवर संसार उभे राहिलेल्या चंद्रपूर-वणी पट्ट्यात या तुलनेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. खाणीत उतरणाऱ्याच्या घरी जी धाकधूक असते, तिच्या जवळपास सहापट जोखीम त्या किनाऱ्यावर होती. ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या शंभरातील १६ कामगारांत फुफ्फुसाच्या आजाराची सुरुवातीची लक्षणे आढळल्याचेही समितीने नमूद केले होते. जून २०१४ मध्ये अलंगच्या एका जहाजावर स्फोट होऊन पाच कामगार दगावले. त्यांच्या प्रतिकृती कोणी तयार करणार नव्हते.

ॲस्बेस्टॉसचा तंतू छातीत शिरल्यानंतर आजार दिसायला वीस-तीस वर्षे लागू शकतात. तासाभराच्या खेळात तो दाखवता येणार नाही, हे मान्य करावेच लागेल. परंतु स्फोट टाळण्याची रीत दाखवता येते आणि 'हार्डस्पेस'ने ती दाखवली आहे. आधी वायू व इंधन काढून टाका, मगच ज्योत लावा, हा त्या खेळातील पहिला धडा. खऱ्या जहाजावर गॅस कटर चालवण्यापूर्वी ते ज्वालाग्राही वायूपासून मुक्त असल्याचे प्रमाणपत्र लागते, त्यामागे हेच तत्त्व आहे. कॅनडातील कल्पक मंडळींना अंतराळातील कंपनीसाठी जे सुचले, तेच भारताच्या नियमावलीत लिहिलेले आहे. ते पाळले गेले नाही की काय होते, हे २०१४ च्या त्या घटनेने दाखवले.

'विक्रांत'ची मोडतोड

महाराष्ट्राला या धंद्याची सर्वांत ठळक ओळख झाली ती 'आयएनएस विक्रांत'मुळे. ब्रिटनकडून १९५७ मध्ये घेतलेली ही विमानवाहू नौका १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले. जानेवारी १९९७ मध्ये ती निवृत्त झाली आणि पुढे काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. ती जपण्यासाठी पैसा उभा राहिला नाही. सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला, सर्वोच्च न्यायालयात तिला वाचवण्याचा शेवटचा प्रयत्न फसला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दारुखान्यात तिची मोडतोड सुरू झाली. तिच्या पोलादाचा काही अंश बजाज ऑटोने विकत घेतला आणि २०१६ मध्ये त्यातून 'बजाज व्ही' ही मोटारसायकल बाजारात आली.

युद्धनौकेची टाकी होऊन ती रस्त्यावर धावू लागली, याचे लोकांना अप्रूप वाटले आणि ते स्वाभाविकही होते. भट्टी, प्रक्रिया, तराफा या क्रमाचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. मात्र त्या सगळ्या चर्चेत 'विक्रांत' गाजली, मोटारसायकल गाजली आणि दारुखान्यात कटर धरणारा माणूस फारसा कोणाच्या बोलण्यात आला नाही. जहाज आठवायचे आणि जहाज कापणारा विसरायचा, ही सवय खेळांमुळे लागलेली नाही. ती आधीपासूनच होती.

त्यानंतरची 'आयएनएस विराट' ही दुसरी विमानवाहू नौकाही त्याच वाटेने गेली. सिंधुदुर्गातील निवती येथे तिचे संग्रहालय करण्याचा ८५२ कोटी रुपयांचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजूर केला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही आणि सप्टेंबर २०२० मध्ये 'विराट' अलंगला पोहोचली.

कायदा आहे, पुढे?

नियमांच्या आघाडीवर गेल्या काही वर्षांत हालचाल झाली, हे नाकारता येणार नाही. ॲस्बेस्टॉसने भरलेली 'क्लेमेंसो' ही आपली विमानवाहू नौका फ्रान्सला २००६ मध्ये अलंगच्या वाटेवरून परत बोलवावी लागली, तेव्हा हा प्रश्न जगाच्या नजरेत आला. जहाजांच्या सुरक्षित पुनर्चक्रणासाठी २००९ मध्ये हाँगकाँग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने २०१९ मध्ये तो स्वीकारला आणि त्याच वर्षी जहाज पुनर्चक्रणाचा स्वतंत्र कायदा संसदेत मंजूर केला. २०१४ ते २०१९ या काळात नौवहन खाते नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडे होते, ही बाब येथील वाचकांच्या स्मरणात असेल. हा करार जगभर प्रत्यक्ष लागू व्हायला मात्र २६ जून २०२५ उजाडावे लागले. करार आणि अंमल यांत सोळा वर्षे गेली.

आता प्रत्येक जहाजासोबत धोकादायक पदार्थांची यादी असणे आणि गोदीने मोडणीचा आराखडा आधी सादर करणे बंधनकारक आहे. कागदावरील ही व्यवस्था कटर धरणाऱ्या हातापर्यंत किती पोहोचते, यावर तिची किंमत ठरेल. कंत्राटी मजुराला धोकादायक काम नाकारण्याइतके बळ हवे आणि ते एकट्याला मिळत नाही. 'हार्डस्पेस'मधील कामगार संघटनेकडे वळतात ते याच कारणाने. मुंबईतील गोदी कामगारांच्या संघटनेनेही दोन हजारच्या दशकात जहाजतोडणीतील मजुरांना संघटित करण्यास प्रारंभ केला, तो याच जाणिवेतून.

विरंगुळ्यासाठी खेळणाऱ्याने अपराधी वाटून घ्यावे, असे यातून सुचवायचे नाही. थकलेल्या माणसाला तासभर शांतता मिळत असेल तर ती त्याने जरूर घ्यावी. खेळ तयार करणाऱ्यांनी प्रवचन द्यावे, असेही नाही. पण खेळाडूंच्या तक्रारींकडे बारकाईने पाहिले तर सुधारणेची दिशा त्यातच आहे. 'हार्डस्पेस'चे काम मन धरून ठेवते, कारण त्यात धोक्याला आणि क्रमाला महत्त्व आहे. 'शिप ग्रेव्हयार्ड' लवकर कंटाळवाणा होतो, कारण त्यात घाव पुष्कळ आहेत आणि त्या घावांचे परिणाम थोडे. गोदी ओकीबोकी वाटते ही तक्रार तांत्रिक दोषांच्या यादीत तळाशी पडलेली असली, तरी ती सर्वांत नेमकी आहे. तेथे कोणीतरी असायला हवे होते, एवढे खेळाडूंना न सांगता कळले आहे. अलंगला आणि दारुखान्यात ते कोणीतरी आजही आहे, आणि त्याची पाळी संपल्यावर बंद करायला त्याच्याकडे संगणकाचे बटण नाही.