खळ्यावरील गाणें आणि त्याचे श्रोते

शेतीच्या मासिकांत गाण्याबजावण्याचा विषय कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. बियाणें, खत, बांधबंदिस्ती आणि भाताचा भाव हे विषय सोडून आम्ही करमणुकीकडे वळलों असें त्यांस वाटेल. परंतु खळें हें जसें मळणीचें स्थान, तसेंच तें आपल्याकडील गाण्याचेंही स्थान होतें. तें गाणें राखणें किंवा घालविणें हें ज्याच्या मालकीचें खळें त्याच्याच हातीं पुष्कळसें आहे. म्हणून हा विषय जमीनधारक शेतकऱ्याचाच आहे, असें आमचें मत आहे.

पोलादपूर तालुक्यांत कापडे गांवापासून उमरठकडे जाणाऱ्या भागांत हळवें भात आश्विनांत हातीं येतें, गरवें कार्तिकांत. देशावर जिला कोजागरी म्हणतात तीच आश्विनी पौर्णिमा कोकणांत नवान्न पौर्णिमा होय. नव्या भाताच्या लोंब्या दारास बांधावयाच्या आणि नवें अन्न देवापुढें ठेवून मग आपण खावयाचें, हा आपला जुना शिरस्ता. त्या दिवसापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा महिना हा कामाचा खरा, पण रात्री कोरड्या व थंड, आणि घरांत चार दाणे आलेले. अशा रात्रीं, झाडून सारवलेल्या खळ्यावर, निवडक श्रोत्यांस बोलावून गाणें करावें, एवढीच आमची सूचना आहे.

श्रोता बोलावणें हें काम लहान नव्हे. उमरठ हें तानाजी मालुसरे यांचें गांव. त्यांची समाधि तेथें आहे. सिंहगडचा रणसंग्राम १६७० सालचा. त्यावरील तुलसीदास शाहिराचा पोवाडा अ‍ॅकवर्थ व शाळिग्राम यांनीं आपल्या संग्रहांत छापला तो १८९१ सालीं. म्हणजे लढाईस तेव्हां दोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. छापखान्यापर्यंत पोवाडे पोंचले ते शाहिरांनीं गाइले आणि कोणी तरी बसून ऐकले म्हणून. ऐकणारा उठून गेला असता तर गाणाराही थांबला असता. हा न्याय जाखडीस, भारुडास, भलरीस आणि भजनासही लागू आहे.

जात्यावरील ओवीची गोष्ट पाहावी. पिठाची गिरणी गांवोगांव आली, जातें कोपऱ्यांत गेलें, आणि त्याबरोबर ओवीही मुकी झाली. हेमा राईरकर व गी प्वात्वाँ यांनीं पुणें जिल्ह्याच्या डोंगराळ भागापासून आरंभ करून, सहकाऱ्यांच्या मदतीनें एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून तें धन निदान नोंदींत तरी उरलें. पण नोंद म्हणजे पेवांतील बी. जमिनींत पडल्याखेरीज त्यास अंकुर फुटत नाहीं.

हल्लीं गाणें अगदींच बंद पडलें आहे असें नाहीं. भाद्रपदांत गणपतीपुढें जाखडी नाचते. मुंबईंतील नाट्यगृहांत तिकीट लावून शक्ती-तुऱ्याचे सामने होतात आणि कोकणांतील चाकरमानी तिकीट काढून ते पाहतात. मात्र गांवीं ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहिल्या आणि ढोलकी त्यांखालीं दडपली. जाखडीत मध्यें गायक-वादक बसतात, भोंवतीं पायांत चाळ बांधलेले गडी फेर धरतात. शक्तीवाला मायेचें श्रेष्ठत्व मांडतो, तुरेवाला शिवाचें. एकानें कोडें घालावें, दुसऱ्यानें तें पदांतून सोडवावें. या सवालजवाबाचा सारा जीव शब्दांत आहे. शब्द कानीं पडला नाहीं तर उरते ती नुसती उडी. शब्द नीट ऐकूं यावा यासाठीं श्रोता जवळ बसलेला पाहिजे, आणि थोडा पाहिजे. पन्नास माणसें खळ्याभोंवतीं बसलीं तर गाणाऱ्याच्या कंठास कोणत्याही यंत्राची गरज लागत नाहीं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपकास घातलेली मर्यादाही मग आड येत नाहीं.

आतां व्यवहाराचें बोलूं. गाणारा हा फुकट राबणारा नव्हे. कापणीच्या मजुरास आपण मजुरी देतों, मग रात्रभर कंठ झिजविणाऱ्यास नारळ व टोपी देऊन वाटेस लावणें कोणत्या न्यायाचें? उदाहरणादाखल हिशेब असा: पन्नास श्रोत्यांनीं प्रत्येकीं दोनशें रुपये दिले तर दहा हजार होतात. त्यांतील दोन हजार दिवाबत्ती व दुधास ठेवून आठ हजार दहा जणांच्या संचास दिले, तर माणशीं आठशें पडतात. यांत शेतमालकानें नफा धरूं नये. त्यानें खळें द्यावें, आणि ऐपत असेल त्यानें वर पायलीभर नवें भात द्यावें. ज्यास रोख देणें जड जाईल त्यानें धान्य द्यावें; पण पैसा नाहीं म्हणून कोणास खळ्यावरून परत पाठवूं नये.

दुसरी गोष्ट बैठकीची. आपल्या शेजारच्या महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन करून समतेचा हक्क बजावला, आणि पुढें तो विचार आंबेडकरी जलशांनीं गाऊन गांवोगांव नेला. त्या भूमीत पुढची व मागची बैठक जातीवरून ठरूं नये, दुधाचे पेले निराळे असूं नयेत. बौद्धवाडीचा शाहीर, कातकरी वाडीचा नाच आणि गांवांतील भजनी मंडळी यांस आमंत्रण एकाच शब्दांत जावें, मोबदलाही सारखाच असावा. बायांस गावयाचें असेल तर त्यांची रात्र त्यांनींच ठरवावी; ओवी ही त्यांची आहे.

कांहीं आक्षेप रास्त आहेत. परतीचा पाऊस हल्लीं आश्विनांत पुष्कळदां भात आडवें करतो. अशा वेळीं गाण्याचें कोणास सुचेल? यास उत्तर असें कीं, तारीख हट्टानें धरूं नये. हळव्या भाताचे भारे घरांत आल्यावाचून बैठक बोलावूं नये, आणि आभाळ भरून आलें तर ती कार्तिकांत ढकलावी. २२ जुलै २०२१ रोजीं तळीये येथें डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांतही दरडी कोसळल्या. ज्या वर्षीं वाडीत शोक असेल त्या वर्षीं भजनच व्हावें. दुःखाच्या रात्रींही माणसांनीं एकत्र बसावें लागतें, आणि ती संवय आधींपासून असलेली बरी.

आगीचें भय खरें आहे. उडवीजवळ पेटता दिवा, शेकोटी किंवा विडी मुळींच नको. विजेच्या घटावर चालणारे दिवे आतां सर्वत्र मिळतात. पेंढ्यांत विंचू व साप असतात, म्हणून वाट आधीं झाडावी आणि जोडा घालून यावें. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला; तेव्हां विंचू चावल्यास मांत्रिकाकडे न जातां तडक दवाखाना गांठावा. दारू पिऊन येणारास मात्र बैठकींत जागा नाहीं, हें आमंत्रणांतच सांगून टाकावें.

कोणी म्हणेल, महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण काढलें आहे, मग शहरच्या पाहुण्यांस बोलावून चांगलें उत्पन्न कां करूं नये? उत्पन्न करण्यास आमची हरकत नाहीं. फक्त एवढेंच सांगावयाचें कीं, शहरचा पाहुणा श्रोत्यांच्या चौथाईहून अधिक नसावा. बैठक त्याच्यासाठीं भरूं लागली कीं शाहीर त्याच्या आवडीचें तेंच तें गाऊं लागतो, आणि ज्यास कोडें समजतें, ज्यास चुकलेला शब्द खटकतो, तो गांवचा म्हातारा श्रोता मागें पडतो. तोच तर या विद्येचा परीक्षक आहे. मुंबईस गेलेल्या आपल्या मुलांस मात्र अगत्यानें बोलवावें. दिवाळीस तीं येतातच. त्यांतील एकादा ढोलकीवर हात ठेवून बसला तर पुढच्या पिढीची सोय झाली.

तरी कापडे व आसपासच्या वाड्यांतील शेतकरी बंधूंस आमची विनंति आहे कीं, येत्या नवान्न पौर्णिमेपासून त्रिपुरीपर्यंत निदान एक तरी खळें गाण्यास मोकळें करावें. आमंत्रण घरोघर जाऊन तोंडी द्यावें, श्रोते पन्नासांवर नेऊं नयेत, आणि गाणाऱ्याचा मोबदला बैठक उठण्यापूर्वीं त्याच्या हातीं द्यावा. ज्या गांवीं अशी बैठक होईल तेथील मंडळींनीं तिची हकीकत व जमाखर्च या मासिकाकडे पाठविल्यास इतर गांवांस तो नमुना होईल.